डॉर्कसबाईंचे पाठ नसलेले झगे

सुई दातांत धरून बोलायच्या. दोऱ्याला कधी गाठ मारायच्या नाहीत. टोकाशी दोन टाके एकावर एक घालायच्या. कात्री ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे करायच्या. छताखालच्या दांडीवर वाळत टाकलेल्या ओटच्या पोळ्यांतली सगळ्यात जुनी आधी खायच्या. हसताना आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. समोर माणूस आला की आधी त्याच्या पायांकडे बघायच्या, मग डोक्याकडे, आणि ओठांतल्या ओठांत एक आकडा म्हणायच्या. माझा आकडा पाच फूट आठ. लग्नाची मंडळी चर्चमधून बाहेर पडताना दिसली की गल्ली बदलायच्या.

त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. मी साहित्याचा पदवीधर आहे. माणूस गेल्यावर काय लिहितात ते मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काही आत्ता हाताशी येत नाही. आठवतंय ते लिहितो.

डॉर्कस इलिंगवर्थ कफनं शिवायच्या. हॅलिफॅक्सच्या कापडबाजारामागे त्यांची एक खोली आणि एक स्वयंपाकघर. एकेचाळीस वर्षं हेच काम. अर्धं गाव त्यांनी शिवलेलं घालून जमिनीत गेलं. त्यांच्याशी कोणी वाईट वागत नसे. रस्त्यात टोपी काढत, हवापाण्याचं बोलत. पण घरी कोणी बोलावत नसे. कफनवालीने उंबरा ओलांडला की त्या घरातून वर्षाच्या आत तिला काम निघतं, असा आमच्याकडे समज आहे. एकेचाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या घरचा चहा प्यायला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. "आज धुकं आहे" म्हणावं तसं.

त्या वेळी गावात गूढविद्येची दोन मंडळं होती. आधी एकच होतं. सहकारी भांडाराच्या वरच्या खोलीत भरायचं, त्यामुळे आमच्या सगळ्या रहस्यांना चीजचा वास होता. एझ्रा मिजली आणि ओबडाया क्रॅबट्री असे दोन मुख्य. मिजली लोकर निवडण्याच्या कामावर. क्रॅबट्रींचं औषधांचं दुकान. फूट पडली ती पूर्वेवरून. मुख्याने पूर्वेला बसायचं असा नियम होता. मिजली एक दिवस होकायंत्र घेऊन आले. पूर्व निघाली ती धुराड्यात.

"मुख्य बसतो ती पूर्व," क्रॅबट्री म्हणाले.

"म्हणजे तू उद्या मासळीबाजारात बसलास तर सूर्य तिथून उगवेल?"

"उगवेलही. तू उठतोस कधी बघायला?"

क्रॅबट्री निम्मी माणसं आणि धूपपात्र घेऊन बाहेर पडले. त्यांनी 'नाईलचे वारस' काढलं. त्या वारसांतल्या एकानेही ब्लॅकपूलच्या समुद्रापलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं. मिजलींकडे उरलं ते 'पूर्वद्वार मंडळ'. आठ ते, आठ आम्ही. मी पूर्वद्वारचा चिटणीस, कारण लॅटिन मला एकट्यालाच येत होतं. मी पुस्तकांच्या आशेने गेलो होतो. पुस्तकं तीनच निघाली.

मग माणसं ओढण्याची चढाओढ सुरू झाली. क्रॅबट्री खोकल्याच्या बाटलीला पत्रक गुंडाळून देऊ लागले. मिजलींनी जाहीर केलं की तिकडून येईल त्याला एक पायरी वर घेऊ. क्रॅबट्रींनीही तेच केलं. जोनास नावाचा एक नळवाला चार वेळा इकडून तिकडे गेला आणि सहा महिन्यांत दोन्ही मुख्यांच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. शेवटी दोघांनी एकाच दिवशी त्याला काढलं. फूट पडल्यापासून दोघांनी मिळून केलेलं तेवढं पहिलं काम.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मिजलींनी ठरवलं, आपल्याला झगे हवेत. शिवायला द्यायचे डॉर्कसबाईंकडे. त्यांच्याशी कोणी बोलत नाही, म्हणजे गुपित राहील. मला पाठवलं. कशासाठी हवेत ते सांगायचं नाही, शपथ होती.

मी दारातच उभा राहून म्हणालो, "पांढरे हवेत. लांब. हात झाकणारे. गंभीर दिसतील असे." आणि आठ जणांच्या उंच्यांचा कागद पुढे केला.

त्यांनी कागद वाचला. चेहरा उतरला. "आठ? एकदम? गिरणीत काही झालं का रे?"

"नाही, नाही. सगळे ठीक आहेत."

"कधीपर्यंत हवेत?"

"एप्रिलपर्यंत चालतील."

त्यांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मग म्हणाल्या, "शहाणी माणसं दिसतात. आधीपासून तयारी ठेवतात."

मला तेव्हा काही कळलं नाही.

कफनाला पाठ नसते. पुढे चुण्या, लांब बाह्या, गळ्याशी पट्टी. मागे फक्त दोन नाड्या. निजलेल्या माणसाला मागचं कापड कशाला? हे शिवणारीला ठाऊक, नेसवणाऱ्याला ठाऊक. बाकी कोणी मेलेला माणूस पाठमोरा पाहिलेला नसतो.

झगे आले. आम्ही चढवले. समोरून फार छान दिसत होते. विधी सुरू झाला की बोलायचं नाही असा नियम. मिजली धुराड्याला वंदन करायला वळले आणि आम्हा सातजणांना त्यांच्या विजारीचे पट्टे दिसले. सदऱ्याच्या पाठीवर बायकोने लावलेलं ठिगळ दिसलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मग एकेक जण वळत गेला.

विधी संपल्यावर एकजण म्हणाला, "हा झगा मी कुठेतरी पाहिलाय. आजोबांच्या वेळी असावा."

"मागच्या जन्मीची आठवण," मिजली म्हणाले. पण ते विचारात पडले होते.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते डॉर्कसबाईंच्या दाराशी गेले. "मागची बाजू मोकळी ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? आमच्यात असंच असतं. आईने शिकवलं. तिला तिच्या आईने."

मिजलींनी टोपी काढली. "आईकडून आईला," ते हळूच म्हणाले. "आणि ही परंपरा आम्ही लंडनहून मागवायला निघालो होतो." मग म्हणाले, "डॉर्कसबाई, गुरुवारी आमच्याकडे चहाला याल का?"

त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"कोण, मी?" त्या म्हणाल्या.

त्या गुरुवारी चांगली टोपी घालून गेल्या. मिजलींच्या बायकोने खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, अपशकुन बाहेर जावा म्हणून, पण केक चांगला केला होता. मिजली झग्यांविषयी बोलत राहिले. तिसऱ्या कपापाशी डॉर्कसबाईंना सगळा प्रकार उमगला. त्यांनी चौथा कप घेतला.

मागच्या मोकळ्या बाजूचा अर्थ मला लिहावा लागला. साधक रहस्यापुढे झाकलेला उभा राहतो आणि जगाला त्याने सोडलेलं असतं, असं काहीतरी. लॅटिनमध्येही लिहिलं. लॅटिनमध्ये ते खरं वाटत होतं.

महिनाभरात क्रॅबट्रींची मेहुणी मिस वोमर्स्ली आमच्या मंडळात आली. तीन बैठकांना बसली आणि परत तिकडे गेली. पाठोपाठ डॉर्कसबाईंकडे आठ झग्यांची दुसरी मागणी आली. पूर्वद्वारपेक्षा चार बोटं जास्त मोकळे हवेत, अशी. आणि मंगळवारी चहाचं आमंत्रण.

अशा रीतीने डॉर्कसबाईंना मंगळवार आला आणि गुरुवार आला. मंगळवारी क्रॅबट्री त्यांना बदामाची बिस्किटं आणि घशाच्या गोळ्या द्यायचे. गुरुवारी मिजली गुळाचा पार्किन केक बांधून द्यायचे. त्या जाड्या झाल्या. गालांवर रंग आला. रस्त्यातून जाताना कपाळावर आठ्या असायच्या, कामाच्या माणसाच्या असतात तशा.

दोन्ही मंडळांना त्या हव्या होत्या. पूर्वीची परंपरा ज्याच्याकडे, तेच खरं मंडळ. मिजलींनी ठरवलं, त्यांनी शपथ घेऊन 'वस्त्ररक्षिका' व्हायचं, मायकेलमसच्या सणाला, म्हणजे एकोणतीस सप्टेंबरला, संध्याकाळी सात वाजता. क्रॅबट्रींनीही तोच दिवस आणि तीच वेळ जाहीर केली.

"तू रोज जाऊन बस त्यांच्याकडे," मिजलींनी मला सांगितलं. "पटव. तू शिकलेला आहेस."

मी जाऊन बसू लागलो. त्या मला मास्तर म्हणायच्या, कारण मी संध्याकाळी गिरणीकामगारांना शिकवतो. सुया ओवून देणं माझ्याकडे आलं. त्यांची नजर कमी झाली होती.

"मास्तर, तुझ्या त्या साहित्यात काय शिकवतात?"

"माणसं कशी जगली, काय बोलली, ते."

"आणि त्याला परीक्षा असते?"

"असते."

"मग नापास कोण होतं?" आणि खांदे हलले.

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी मला कफनांचं सगळं सांगितलं. शिवता शिवता, मान वर न करता. माझ्या हातातली सुई खाली पडली. मी अर्धवट ओळखलं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

"चूक माझी आहे बाई. मागणी मी दिली."

"तुझी तर आहेच. बावळट आहेस. पण मी सहा महिने गप्प बसले, ती कोणाची?"

"मग आताही गप्प बसा. कोणाचं काय बिघडतंय?"

"मला शपथ घ्यायला सांगतायत. खोटी शपथ घेऊ?"

"दोन्हीकडे नाही म्हणा."

"म्हणजे मंगळवार गेला आणि गुरुवारही गेला." त्यांनी दोरा तोडला. "मास्तर, ते बोलावतात ते मला, की त्या नसलेल्या पाठीला? एवढंच मला कळायला हवं. एकसष्ट वर्षांची झाले. आता कळलं तरी चालेल."

मी पुढची सुई ओवायला घेतली. मी त्यांचा मित्र होतो आणि मिजलींचा चिटणीस होतो. शिवाय ते लॅटिन माझं होतं.

मायकेलमस गुरुवारी होता. आदल्या रविवारी त्यांनी माझ्याकडून दोन चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एक मिजलींना, एक क्रॅबट्रींना. माझ्या घरी सोमवारी चहाला या, चार वाजता. दोन्हींत एकच वेळ.

दोघे दारात समोरासमोर आले. दोन वर्षांनी. मी आत सुया ओवत बसलो होतो.

"तू?"

"मला बोलावलंय."

"मलाही बोलावलंय."

"मग आत या की," डॉर्कसबाई म्हणाल्या. "दोघे लहानपणी माझ्या आईच्या खिडकीवर दगड मारायचात, तेव्हा लाजला नाहीत."

कफनवालीचं घर ते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी आत जायचं नाही, मागेही राहायचं नाही. शेवटी एकदम घुसले आणि चौकटीत अडकले.

टेबलावर कप मांडले होते. मध्ये एक घडी घातलेलं पांढरं कापड. त्यांनी ते उलगडलं.

"हे टर्नरच्या सासूचं. उद्या न्यायला येणार आहेत. बघा."

क्रॅबट्रींनी चुण्या पाहिल्या. मिजलींनी बाही पाहिली. मग क्रॅबट्रींनी ते पालथं केलं. मागे काही नव्हतं. दोन नाड्या.

"हे आमच्या झग्यासारखं आहे," क्रॅबट्री म्हणाले.

"नाही रे ओबडाया. तुमचे झगे याच्यासारखे आहेत."

चुलीवर किटली वाजत होती. ती कोणी उतरवली नाही.

"म्हणजे गेले सहा महिने," मिजली सावकाश म्हणाले, "मी स्वतःच्या…"

"हो. पाच फूट सहा. जरा सैलच ठेवलंय, पुढे अंग फुगतं."

क्रॅबट्री हसायला लागले. टेबलाला धरून हसले. "एझ्रा! अरे तू कफन घालून धुराड्याला नमस्कार करत होतास!"

"आणि तू? तू चार बोटं जास्त मागितलीस!"

क्रॅबट्रींचं हसू तिथेच थांबलं.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "मागणी द्यायला हा गेला होता," मिजली म्हणाले. "पदवीधर!"

"तुम्हीच सांगितलं होतं, कशासाठी ते बोलायचं नाही."

"त्याला कशाला बोलता?" डॉर्कसबाई म्हणाल्या. "मला पहिल्या गुरुवारीच कळलं होतं. मी बोलले नाही. तुमच्याकडचा चहा चांगला होता. ओबडाया, तुझी बिस्किटंही. मला कोणी बोलावत नाही, म्हणून बोलले नाही. झालं. आता मला कुठलंच मंडळ नको. शपथ नको. गुरुवारी पाच वाजता माझ्याकडे चहा आहे. ज्याला यायचं त्याने यावं. झगे घरी ठेवून यावं."

एवढं त्या एकदम कधी बोलल्या नव्हत्या. सुईही दातांत नव्हती.

मिजलींनी टोपी उचलली. क्रॅबट्रींनीही उचलली. चहा कोणी प्यायला नाही. या वेळी दारातून एकेक गेले.

गुरुवारी मी चार वाजताच पोचलो. त्यांनी टेबलावर नवी चादर घातली होती. शेजाऱ्यांचे कप मागता येणार नव्हते, म्हणून स्वतःचे सहा, दोन जामच्या बरण्या आणि एक दाढीचा मग मांडला होता. दिवंगत नवऱ्याचा, इलिंगवर्थांचा.

पाच वाजले. साडेपाच वाजले. त्यांनी किटली दोनदा उतरवून ठेवली.

"मास्तर, तू तरी खा."

"थांबू थोडं."

"निकालाची वाट बघितल्यासारखं काय थांबतोस? खा."

मी खायला घेतलं आणि दारावर थाप पडली. मिस वोमर्स्ली. हातात बटाट्यांची टोपली. "मला वाटलं, तुमच्याकडे बटाटे नसतील," ती म्हणाली. बटाट्यांचं कारण मला अजून कळलेलं नाही. तिच्यामागे मिजली, पार्किन घेऊन. "इकडूनच चाललो होतो." त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग आमच्यातले दोघे. मग नाईलच्या वारसांतले तिघे, एकमेकांना ओळख नसल्यासारखे. सगळ्यात शेवटी क्रॅबट्री आले, खोकल्याची बाटली घेऊन. आत शिरले आणि म्हणाले, "हिच्यावरचं पत्रक काढलंय."

कोणाला बशीतून प्यावं लागलं, कोणाला बरणीतून. मिजलींच्या वाट्याला दाढीचा मग आला. थोड्याच वेळात या स्वयंपाकघरात पूर्व कुठे यावर सुरू झालं.

"पूर्व असेल तिथे असो," डॉर्कसबाई म्हणाल्या. "कोळसा कोण घालतंय?"

दोन्ही मुख्य एकदम उठले.

त्या दिवशी सात वाजता कुठेही शपथ झाली नाही.

पुढे दर गुरुवारी तिथे गर्दी होऊ लागली. दोन्ही मंडळं तशीच चालू राहिली. झगेही तेच. "आता सवय झाली आहे," मिजली म्हणाले. "आणि लॅटिन तर लिहून झालंय." क्रॅबट्री अजूनही नव्या माणसाला सांगतात की परंपरा आईकडून आईला आली आहे. यात खोटं काही नाही. माणसं पळवणं डॉर्कसबाईंच्या टेबलावरच चालायचं. "आमच्याकडे ये, एक पायरी वर घेतो." "आधी माझ्या दाराची पायरी पुसा," त्या म्हणायच्या.

नाताळात दोन्ही मंडळांनी मिळून त्यांना कापड दिलं. निळं, मेरिनो लोकरीचं, गावच्याच मागावरचं. नळवाल्यानंतर एकत्र केलेलं दुसरं काम. ईस्टरला सगळ्यांची एकत्र बैठक ठरली होती. त्यात त्यांनी कुठल्याही मंडळाचा नाही असा, स्वतःचा झगा घालून बसायचं. पूर्वेला. पूर्व कुठली ते त्यांनीच सांगायचं.

त्यांनी कापड बेतलं. मला दाखवलं.

"याला पाठ ठेवणार आहे मास्तर. थंडी वाजते मला. आणि गाठ मारणार आहे दोऱ्याला. कफनाच्या दोऱ्याला मारत नाहीत. जिवंत माणसाच्या कपड्याला चालते."

पण हिवाळ्यात फ्लूची साथ आली. मागण्या वाढल्या. निळं कापड खुर्चीच्या पाठीवर पडून राहायचं. मी म्हणालो, "आधी हा उरका ना."

"घाई काय आहे? हा कोणाला सोमवारी लागणार नाही."

चौदा फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, कोळसेवाल्याने दार वाजवलं. उघडलं नाही. आदल्याच दिवशी मी त्यांना बारा सुया ओवून दिल्या होत्या. त्यांतल्या नऊ तशाच होत्या.

फळीवर दुसऱ्या कोणासाठी शिवलेलं एक तयार कफन होतं. ते त्यांना बरोबर बसलं. पाच फूट एक.

आम्ही सोळाही जण गेलो. नळवालाही आला होता. मिजली आणि क्रॅबट्री शेजारी शेजारी उभे होते. दफनभूमीत सगळ्यांचे पाय पूर्वेला करतात, त्यामुळे तिथे पूर्व कुठे ते ठरलेलंच असतं.  परतताना मिस वोमर्स्लीने सगळ्यांना आपल्या घरी चहाला नेलं, आणि तिथे क्रॅबट्री एकदम म्हणाले, "पुढे अंग फुगतं." मिजलींच्या नाकातून चहा आला. आम्ही सगळे डोळे पुसेपर्यंत हसलो.

निळा झगा माझ्याकडे आहे. पुढचा भाग पूर्ण झाला आहे. बाह्या लावल्या आहेत. पाठ कच्च्या टाक्यांनी जोडली आहे. डावी शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत पक्की केली आहे. वर सुरुवातीला गाठ आहे, मी बोट लावून पाहिली. कमरेपाशी सुई तशीच टोचलेली आहे, दोरा वीतभर उरला आहे. उजवी शिवण अजून घ्यायची आहे.